अग्रलेखाखाली नाव नसते

मोहिभाईंना आप्पासाहेबांची स्तुती ऐकवत नसे, आणि नांदेडात राहून ती त्यांना रोज ऐकावी लागे. टपरीवर, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत. "काय अग्रलेख हाणलाय आज आप्पासाहेबांनी!" असे कोणी म्हटले की मोहिभाई हातातला कप खाली ठेवून विचारत, "कोणता परिच्छेद आवडला?" समोरच्याला तो सहसा सांगता येत नसे. मग मोहिभाई माझ्याकडे वळून म्हणत, "बघा, वाचलेलाच नाही." एखाद्याने खरोखर वाचून नेमका परिच्छेद सांगितला, तर ते आणखीच उदास होत. कारण तो परिच्छेद त्यांनी लिहिलेला असे.

सगळेच परिच्छेद त्यांचे असत. 'दैनिक गोदामांजरा'चे मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक आप्पासाहेब होते. अग्रलेख लिहिणारे सहसंपादक मोहियोद्दीन चाकूरकर होते. मराठी वर्तमानपत्रात अग्रलेखाखाली नाव नसते. तो पेपरचा आवाज, आणि पेपरचा आवाज म्हणजे संपादकाचा, असे वाचक धरून चालतो. त्यात कोणी कोणाला फसवत नाही. सगळीकडे असेच चालते. मी याच पेपरात व्यवस्थापक आहे. जाहिराती आणि वसुली बघतो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. माझे टेबल मोहिभाईंच्या टेबलाला लागून, म्हणून यातले बरेचसे मी समोर बसून पाहिलेले आहे.

मोहिभाई चाकूरचे. वडील कापूस पिंजून गाद्या भरत. त्यांना वाचता येत नसे, पण पेपरचा भारी शौक. मोहिभाईंनी शाळेतून आल्यावर पिंजणाच्या आवाजावर आवाज चढवून त्यांना पेपर वाचून दाखवायचा, असा घरचा नियम होता. वडील अग्रलेखाला काम थांबवत, बाकीच्या बातम्यांना थांबवत नसत. "हे कोन लिवतंय रे?" असे ते विचारत. पोरगा म्हणे, "नाव न्हाई अब्बा." वडिलांना ते पटत नसे. एवढे चांगले लिहिणारा माणूस नाव कशाला लपवील?

लातूरला बी. ए. होऊन मोहिभाई आमच्या लातूर कचेरीत लागले. भूकंपाच्या वर्षी ते पडलेल्या गावांतून पायी फिरले आणि त्यांनी जे लिहिले ते 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून छापून आले. ते वाचून आप्पासाहेब स्वतः लातूरला गेले आणि या प्रतिनिधीला जीपमध्ये घालून नांदेडला घेऊन आले.

आप्पासाहेब नायगावकडचे, बागायतदार घरचे. उंच, आवाज खणखणीत, सभेत उभे राहिले तर माइक नको. मात्र लेखणी हातात घेतली की तीन ओळींत घाम फुटे. म्हणून दुपारी चारला ते मोहिभाईंना केबिनमध्ये बोलवत, पाय समोरच्या खुर्चीवर टाकत आणि बोलत.

"मोह्या, आज त्या विजेवाल्यांना सोडू नको. लई माजलेत."

"पुरावा काय आहे, आप्पासाहेब?"

"पुरावा तू बघ. माज मला दिसून राहिलाय."

मोहिभाई टेबलावर येऊन बसत आणि त्या माजाचे रूपांतर अशा मराठीत करत की विजेवाल्यांचा अधिकारी दुसऱ्या दिवशी स्वतः भेटायला येई. भेटायला अर्थात आप्पासाहेबांना येई. दुसऱ्या पेपरवाले आम्हाला 'गोदामातलं मांजर' म्हणून चिडवत, पण सकाळी आधी आमचाच अग्रलेख बघत, हे मी पाहिले आहे.

एका वर्षी लातूरच्या एका संस्थेने आप्पासाहेबांना अग्रलेखांबद्दल पुरस्कार दिला. मी आणि मोहिभाई तिसऱ्या रांगेत होतो. आप्पासाहेब भाषणात म्हणाले, "आमचे मोहियोद्दीनभाई म्हणजे आमच्या पेपरचं भूषण!" टाळ्या झाल्या. मोहिभाई माझ्या कानात म्हणाले, "भूषण म्हणजे दागिना. घालणारा दुसरा." परतताना जीपमध्ये गारठा होता. आप्पासाहेबांनी पुरस्काराची शाल काढून मोहिभाईंच्या अंगावर टाकली. "घे, कुडकुडून राहिलास."

ती शाल बघून बेगमबींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारले, "ये कायकी शाल?"

"आप्पासाहेबांच्या इनामाची."

"लिखे तुम, इनाम उनकू. फिर शाल कायकू लाए? मन्ना करना था ना!" मग हसून मला म्हणाल्या, "भाईसाब, ये आप्पासाब इनकी सौतन हय. घर में बैठे तो बी उनकाच नाम, जलते बी उनकेच नाम से."

मोहिभाईंनी ती शाल कधी वापरली नाही आणि परतही केली नाही.

करोनाच्या आदल्या वर्षी विष्णुपुरीच्या रस्त्याला एका डेऱ्याने, म्हणजे एका बाबांच्या पंथाने, जमीन घेतली. डेऱ्याचे बाबा पंजाबातले, आणि अनुयायी त्यांना हयात गुरू मानत. शीख परंपरेत ग्रंथसाहिब हाच गुरू. माणसाने गादीवर बसून स्वतःला गुरू म्हणवून घ्यावे, हे इथल्या जुन्या शीख घराण्यांना मान्य होणे शक्य नव्हते. डेऱ्याने बाबांची गादी सजवून गावातून मिरवणूक काढायची ठरवली आणि वाद पेटला. डेऱ्याच्या माणसांच्या दोन दुकानांच्या काचा फुटल्या. डेऱ्याच्या पोरांनी एक ट्रक अडवून ड्रायव्हरला मारले. तरीही दोन्हीकडचे वडीलधारे बोलत होते, बैठका होत होत्या. मग बाहेरून काही तरुण आले. त्यांना समझोताच नको होता, आणि ते इथल्या कोणाचेच ऐकत नव्हते. त्यांच्याजवळ पिस्तुले आहेत असे सगळे बोलत, छापत कोणी नव्हते.

मोहिभाई तेगासिंगजींकडे गेले. तेगासिंगजींचे टायरचे दुकान आहे. घराणे निजामाच्या काळापासून नांदेडात, मराठी आपल्यासारखीच. ते म्हणाले, "लिहा भाई, पण तोलून लिहा. वाद आमचा हाय, आम्ही मिटवू. पण ही पोरं गेली पाहिजेत."

आप्पासाहेब त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला लातूरला निघाले होते. गाडीत बसता बसता म्हणाले, "मोह्या, लिही. कुणाच्या गुरूला हात लावू नको, बाकी कुणाला सोडू नको."

मोहिभाईंनी लिहिले. मी तो अग्रलेख तेव्हाही वाचला आणि हे लिहिण्याआधी पुन्हा वाचला. डेऱ्याने गादीची मिरवणूक सोडून द्यावी, पोलिसांनी डेऱ्याच्या बायकामुलांना आणि दुकानांना संरक्षण द्यावे, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकत्र बसावे. प्रत्येक वाक्य मोजून मापून. पान ऋतुजाच्या हातात देऊन ते नमाजला गेले. ऋतुजा आमच्याकडे पाने लावते.

पान छपाईला सुटण्याआधी लातूरहून आप्पासाहेबांचा फोन आला. "ऋतुजा, वाच बघू." तिने सगळा अग्रलेख फोनवर वाचून दाखवला. मी तिच्या शेजारी जाहिरातींचे माप बघत होतो, आणि फोनमधला तो खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता.

"चांगलं हाय," आप्पासाहेब म्हणाले. "पण त्या पोरांशी कुणी बोललंच न्हाई की गं. शेवटी एक ओळ घाल."

"मोहिसरांना विचारू का, सर?"

"त्याला मी सांगतो. तू घाल. मी म्हणलो तस्संच घाल."

दुसऱ्या दिवशी अग्रलेखाचा शेवट असा होता: 'पिस्तूल घेऊन आमच्या गावात आलेल्या पोरांनो, घरी जा, तुमची माय जेवायची थांबली असंल.'

मोहिभाई सकाळी चप्पल न काढताच आत आले. "असंल? अग्रलेखात असंल?" ऋतुजाने आप्पासाहेबांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"आप्पासाहेब, माझ्या लेखात हात घातलात तुम्ही."

"एकच ओळ घातली रं. चुकली का?"

"अग्रलेखात बोली चालत नाही. 'असेल' तरी करायचं होतं."

"मग माय काय 'असेल' म्हणून थांबती का, मोह्या?" आप्पासाहेब खो खो हसले. "इतकी वर्षं पेपर चालवून राहिलो, मला एक ओळ घालायची मुभा न्हाई?"

मोहिभाई म्हणाले, "मुभा आहे. पण ती ओळ माझी नाही, एवढं लक्षात ठेवा."

त्या दिवशी अख्ख्या गावाच्या तोंडी ती ओळ होती. रिक्षावाले म्हणत, मास्तर म्हणत, भाजीवाल्या म्हणत. टपरीवर कोणीतरी अग्रलेखाची स्तुती केली आणि मोहिभाईंनी सवयीने विचारले, "कोणता परिच्छेद आवडला?" तर तो माणूस डोळे पुसत म्हणाला, "ते शेवटचं हो. माय जेवायची थांबली असंल." इतक्या वर्षांत पहिल्यांदा गावाला नेमके वाक्य सांगता येत होते. मोहिभाईंनी चहा तसाच ठेवला. मला त्यांचा चेहरा आठवतो. दात दुखत असताना माणूस हसायचा प्रयत्न करतो, तसा होता.

दुपारपासून फोन सुरू झाले. आवाज तरुण, भाषा हिंदी. "माँ को बीच में क्यों लाया? निकल बाहर." संध्याकाळी आप्पासाहेब लातूरहून आले आणि पोलीस निरीक्षकही आले. केबिनमध्ये आम्ही चौघे होतो. निरीक्षकांनी पेपर पुढे केला. "हे कोणी लिहिलंय? ज्यानं लिहिलं त्याला जपावं लागेल."

मोहिभाईंनी तोंड उघडले. ते काही बोलण्याआधीच आप्पासाहेब म्हणाले, "कोणी म्हणजे? संपादक कोण हाय? मी लिहिलंय. मोह्या, जा, साहेबांना चहा सांग."

मोहिभाई बाहेर आले ते संतापाने लाल होऊन. मला वाटले, आप्पासाहेबांची काळजी वाटत असेल. तीही असेल. पण ते म्हणाले ते असे: "बघितलंत? धमकीसुद्धा मला मिळू देत नाही हा माणूस."

पुढच्या आठवड्यात, सकाळी, कचेरीसमोर मलप्पाच्या हॉटेलात चहा पिताना आप्पासाहेबांना गोळ्या घातल्या. मोटारसायकलवर दोघे होते. मागच्याने उतरून म्हटले, "माँ का नाम लेता है?" आणि पिस्तूल झाडले. ते शब्द मलप्पाने ऐकले, कारण तो शेजारीच दुसरा कप भरत होता. आम्ही धावत खाली गेलो. मोहिभाईंनी आप्पासाहेबांचे डोके मांडीवर घेतले होते आणि ते ओरडत होते, "मी लिहिलंय, मी लिहिलंय." कोणाला सांगत होते ते त्यांनाच ठाऊक. मोटारसायकल कधीच निघून गेली होती.

नायगावजवळच्या शेतात अंत्यविधी झाला. दोन्ही बाजूंचे शीख आले होते, डेऱ्याचेही आणि जुन्या घराण्यांचेही, आणि ते एकाच झाडाखाली उभे होते. तेगासिंगजींनी खांदा दिला. नंतर ते मोहिभाईंना म्हणाले, "कुणीतरी त्या पोरांना हिंदीत समजावलं की पेपरनं तुमच्या आयांवर काढलंय. आपल्याकडं माय जेवायची थांबली म्हणजे माया. त्यांना शिवी वाटली. मी तर वाचून रडलो होतो, भाई. मला वाटलं तुम्हीच लिहिलं."

"नाही," मोहिभाई म्हणाले. "ते त्यांचं." आणि पुढे निघून गेले.

मारेकरी पकडले गेले. खटला अजून चालू आहे, म्हणून त्यांच्याबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. गाव मात्र त्या घटनेनंतर शुद्धीवर आले; मिरवणूक रद्द झाली, डेऱ्याची दुकाने उघडली. महानगरपालिकेने चौकाला आप्पासाहेबांचे नाव दिले आणि काळ्या दगडावर ती ओळ कोरली. खाली आप्पासाहेबांचे नाव. शाळांतून वक्तृत्व स्पर्धा होऊ लागल्या. पोरे हातवारे करून म्हणत, "घरी जा! तुमची माय जेवायची थांबली असंल!" आप्पासाहेबांचा मुलगा दयानंद संपादक झाला, आणि अग्रलेख मोहिभाईच लिहीत राहिले.

मोहिभाई तो चौक टाळून लांबच्या रस्त्याने घरी जाऊ लागले. मी विचारले, तर म्हणाले, "चौकात गर्दी असते." त्यांना दुःख नव्हते असे कोणी समजू नये. आप्पासाहेबांच्या केबिनमध्ये ते एकटे जाऊन बसत, हे मी पाहिले आहे. पण बाहेर आले की म्हणत, "स्वल्पविरामाच्या आधी संबोधन, नंतर थेट आज्ञा. अग्रलेखात हे बसत नाही. मी हजारो लिहिले. त्यातलं एक वाक्य सांगा, कोणाला पाठ आहे?" मी हिशेबाचा माणूस. मला दोन-तीन आठवत होती, पण ती पूर्ण म्हणता आली नसती. "आणि त्यानं जन्मात एक वाक्य लिहिलं," मोहिभाई म्हणत, "तेही फोनवरून, लग्नाच्या मांडवात उभं राहून."

मेलेल्या माणसाचा इतका हेवा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते जिवंत असताना निदान मोहिभाईंना अशी आशा असायची की कधीतरी आप्पासाहेब सभेत उभे राहून सांगतील. ती आशाही आता उरली नव्हती.

चार वर्षांनी मोहिभाईंना साक्षीचे समन्स आले. सरकारी वकिलांना त्यांच्याकडून फक्त धमक्यांच्या फोनबद्दल वदवून घ्यायचे होते. पण आरोपींच्या वकिलाला कुठून तरी कळले होते की अग्रलेख दुसराच कोणी लिहीत असे. पत्रकारांत ते अर्ध्या जणांना माहीत होतेच. साक्षीच्या आदल्या दिवशी दयानंद मोहिभाईंच्या घरी आला. मलाही बरोबर घेतले.

"काका," दयानंद म्हणाला, "उद्या तो विचारणार. तेवढं म्हणा, बाबांनीच लिहिला. मलप्पानं ऐकलंय 'माँ का नाम लेता है' म्हणून. सगळी केस त्यावर आहे. लेख दुसऱ्याचा निघाला, तर त्यांचा वकील म्हणेल, मग आमच्या माणसांचं आप्पासाहेबांशी वैर कशाला?"

"आणि खोटं बोलू? शपथेवर?"

"बाबा नाही का बोलले? पोलिसांसमोर? तुमच्यासाठीच बोलले ना?"

मोहिभाईंचा चेहरा कसनुसा झाला. आतून बेगमबी आल्या. "बच्चा सच बोल रहा. इत्ते साल कोई नै पूछा, अब कायकू बोलते? उनके मज़हब के झगड़े में ये कायकू घुसे, बोलेंगे लोगां. मोहल्ले में रहना हय हमकू."

"अब कोई पूछ रहा है," मोहिभाई म्हणाले. "म्हणूनच."

दयानंद चहा न घेता उठला. मी थोडा मागे राहिलो. मोहिभाई म्हणाले, "आयुष्यभर वाट बघितली, कोणीतरी चारचौघांत विचारेल की हे कोणी लिहिलं. शेवटी विचारणार कोण? त्याच्या खुन्यांचा वकील."

"मग काय सांगणार?"

"विचारलं तर सांगणार."

खोटे बोला असे मला म्हणवेना, आणि खरे बोला असेही म्हणवेना. मी घरी आलो.

न्यायालयात मागच्या बाकावर मी, दयानंद आणि ऋतुजा बसलो होतो. सरकारी वकिलांची सरतपासणी लवकर संपली. मग आरोपींचा वकील उठला. मृदू आवाजाचा, चांगले मराठी बोलणारा माणूस.

"हा अग्रलेख मयतांनी स्वतः लिहिला होता का?"

मोहिभाईंनी चष्मा नीट केला. "नाही."

"मग कोणी लिहिला?"

"मी," मोहिभाई म्हणाले, दारातल्या शिपायालाही ऐकू जाईल असे. "त्याच्या आधीचे आणि नंतरचेही मीच."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश म्हणाले.

दयानंदने डोळे मिटून घेतले. सरकारी वकील कागद चाळू लागले, उगाच. आरोपींच्या वकिलाला एवढे सहज मिळेल असे वाटले नसावे. तो दोन पावले पुढे आला. "म्हणजे ज्या मजकुरामुळे माझ्या अशिलांना राग आला असं सरकार पक्ष म्हणतो, तो मयतांचा नव्हताच. तुमचा होता." त्याने पेपरची प्रत उचलली आणि शेवट मोठ्याने वाचला. माय जेवायची थांबली असंल. त्याच्या तोंडूनही ते वाक्य चांगले वाटले. "हे वाक्यही तुमचंच ना?"

मोहिभाईंनी 'हो' म्हटले असते तर ते त्यांचे झाले असते. दगडावरचे, शाळेतल्या पोरांच्या तोंडचे, तेगासिंगजींना रडवणारे. फोनवरचे बोलणे ऐकणारे ऋतुजा आणि मी, दोघे मागच्या बाकावर होतो, आणि आमच्यापैकी कोणी उठून त्यांना खोटे पाडले असते असे मला वाटत नाही. मोहिभाई त्या प्रतीकडे बघत राहिले. मग त्यांचे ओठ वाकडे झाले, पानात वाईट मथळा दिसल्यावर होत असत तसे.

"नाही. असलं वाक्य मी लिहीत नाही."

"असलं म्हणजे?"

"अग्रलेखात मी बोली येऊ दिली नाही कधी. वाचकाला सोडून तिसऱ्याच कोणाला हाक मारायची, हेही मी करत नाही. ते आप्पासाहेबांनी लातूरहून फोनवर सांगून घालायला लावलं, मला न विचारता. दुसऱ्या दिवशी मी भांडलो त्यांच्याशी. ते स्वतः मला म्हणाले, मी घातली म्हणून."

कोणीतरी हसले. वकील थांबला. "एवढा मोठा लेख तुमचा, आणि फक्त एक वाक्य त्यांचं?"

"एकच," मोहिभाई म्हणाले. "लोकांना तेवढंच पाठ आहे. मारायला आले तेही तेवढ्यासाठीच आले. माझ्या बाकीच्या लेखासाठी कोणी कोणाला चापटही मारली नसती."

हे त्यांनी इतक्या कडवटपणे म्हटले की लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. वकिलाने आणखी दोन प्रश्न विचारले आणि तो बसला. सरकारी वकिलांनी पुढच्या तारखेला ऋतुजाला साक्षीला बोलावून घेतले. तिनेही तेच सांगितले.

बाहेर व्हरांड्यात दयानंद मोहिभाईंच्या समोर उभा राहिला. तो भांडेल असे मला वाटले. तो वाकून त्यांच्या पाया पडला.

"काका, आम्हाला घरी सगळ्यांना माहीत होतं. बाबा रोज सकाळी पेपर माझ्याकडे टाकायचे आणि म्हणायचे, वाच, मोह्यानं कसलं लिहिलंय बघ. शिक असं लिहायला."

मला वाटले, आता हे ऐकून मोहिभाई निवळतील. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. डोळे भरून आले होते.

"घरात सांगायचा," ते म्हणाले. "घरात! अरे, तो घरात सांगत होता आणि मी तिसऱ्या रांगेत बसत होतो. एकदा माइकवर सांगायला काय झालं होतं त्याला? एवढा आवाज दिला होता देवानं."

मोहल्ल्यात काहीही झाले नाही. उलट तेगासिंगजी बेगमबींना भेटून गेले आणि म्हणाले, "भाभी, आमच्या झगड्यात घुसले म्हणूनच आम्ही वाचलो."

दयानंदने परंपरा मोडली. पुढच्या महिन्यापासून अग्रलेखाखाली 'मोहियोद्दीन चाकूरकर' असे नाव येऊ लागले. पहिल्या दिवशी मोहिभाईंनी दहा प्रती घरी नेल्या. मला विचारले, नावाचा टाइप थोडा मोठा नाही ना वाटत? मी म्हटले, आहे तो बरा आहे.

आणि परवा उदगीरहून फोन आला. जुने वाचक, विरूपाक्षअप्पा, अडत दुकानवाले. मोहिभाईंचे हात शाईने भरले होते म्हणून फोन मी स्पीकरवर लावला.

"आता अग्रलेख कोण लिहून राहिलंय?"

"मी, मोहियोद्दीन चाकूरकर. नाव आहे खाली."

"ते बघितलं. वाईट वाटून घेऊ नका, पण आप्पासाहेब होते तवा लेखाला धार होती हो. आता मिळमिळीत झालंय सगळं. तुम्ही असं करा, त्यांचे जुने अग्रलेख काढून वाचत चला रोज एक. सुधारंल हळूहळू."

"वाचतो," मोहिभाई म्हणाले.

मी फोन ठेवला. हसू आवरणे मला कठीण झाले होते, पण त्यांच्याकडे बघून मी ते आवरले. ते बराच वेळ हाताची शाई फडक्याने पुसत राहिले.

"नाव काढून टाका उद्यापासून," ते म्हणाले.

"दयानंदला सांगू?"

ते दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले.

"नको. राहू द्या. काढलं तर उद्याचा लेख पुन्हा त्याचाच होईल."